म्हातारीपुढचं शून्य

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा लागला की मला घरात बसवत नाही. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली. आता पेपर काढायचे नसतात की तपासायचे नसतात. शेजारची श्रुती यंदा बारावीला आहे. सकाळी गच्चीवर येरझाऱ्या घालत ती सूत्रं घोकते आणि मी खाली कुंड्यांना उगाच पाणी घालत उभी राहते. परवा ती वरून म्हणाली, "काकू, तुमचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडलाय. तुम्हाला अजून परीक्षेची भीती वाटते?" मी हो म्हणाले. ते सोपं होतं.

खरं म्हणजे याच दिवसांत पाथर्डीच्या रस्त्यानं मेंढ्यांचे कळप जातात. हरभरा निघालेला असतो, ज्वारीची कणसं खुडायला आलेली असतात, दुपारची हवा कोरड्या पाल्यासारखी वाजू लागते. रस्त्यात कळप आडवा आला की रिक्षावाला हॉर्न वाजवतो आणि मागे बसलेले मोबाईल काढतात. माझे डोळे मात्र आपोआप कळपाच्या वाटण्या करायला लागतात. हे या वर्षीचं कोकरू. ही दुसऱ्या वर्षातली तरणी. ही भरातली. ही म्हातारी. नको नको म्हणत मी मान दुसरीकडे वळवते, पण तोवर मनात चार आकडे मांडलेले असतात.

ज्याला सगळे बहात्तरचा दुष्काळ म्हणतात त्याचा खरा जाच आम्हांला कळला तो त्र्याहत्तरच्या सुरुवातीला. त्या वर्षी मी पुण्याला संख्याशास्त्राचं एम. एस्सी. करत होते. तिसगावजवळच्या आमच्या लहानशा गावातून एवढं शिकायला गेलेली मी पहिलीच मुलगी. आप्पा गावच्या शाळेत मास्तर, त्यामुळे आमच्या घरी शिक्षणाला देवाखालोखाल मान. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला जायचं आणि उरलेले सहा दिवस पुस्तक उघडायचं, असा शिरस्ता.

आमच्या प्राध्यापकांनी त्या सत्रात एक नवी रीत शिकवली होती. ते म्हणायचे, जनावरांची संख्या हा एक आकडा समजू नका. शंभर मेंढ्या म्हणजे काहीच कळलं नाही. त्यांतली कोकरं किती, तरण्या किती, विणाऱ्या किती, म्हाताऱ्या किती, हे सांगा. मग एक तक्ता करा. दहा कोकरांतली किती पुढच्या वर्षापर्यंत जगतात, दहा तरण्यांतल्या किती भरात येतात, भरातल्या मेंढीला वर्षाला किती पिल्लं होतात, हे त्या तक्त्यात लिहा. आजच्या चार आकड्यांना त्या तक्त्यानं गुणलं की पुढच्या वर्षीचे चार आकडे हातात येतात. त्यांना पुन्हा गुणलं की त्याच्या पुढच्या वर्षीचे. मला हे फार सुंदर वाटलं होतं. वर्गातल्या फळ्यावर वर्षं एकामागून एक पानं उलटावीत तशी उलटत होती. कुणीही न पाहिलेला कळप खडूच्या टोकाखाली वाढत होता.

प्रत्येकानं एक खरा कळप घेऊन असा तक्ता करून आणायचा होता. माझ्या डोळ्यांसमोर लगेच सुभानमामा आले.

सुभानमामा आणि त्यांची बायको ठकूमावशी हे धनगर जोडपं दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या रानात उतरायचं. आप्पांचं थोडं कोरडवाहू रान होतं. त्यात मेंढ्या बसल्या की लेंड्यांचं खत व्हायचं आणि मामांना आमच्या विहिरीचं पाणी मिळायचं. थोडे दिवस राहून ते पुढे जायचे. त्या वर्षी पुढे कुठेच काही नव्हतं. म्हणून जानेवारी उलटला तरी त्यांची वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवती लावायचं जाळीचं कुंपण, आमच्याच रानात उभी होती.

मी संक्रांतीनंतर घरी आले. दोन कारणं होती. एक तो कळप. दुसरं म्हणजे माझी थोरली बहीण सुमनताई बाळंत होऊन माहेरी आली होती आणि आईला एकटीला झेपत नव्हतं.

एस. टी.तून उतरून चालू लागले तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. नेमकी कशाची ते कळेना. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं की पाखरांचा आवाजच येत नाहीये. रस्त्याकडेच्या बाभळी होत्या, पण खालच्या फांद्या माणसाचा हात पोचेल तिथवर ओरबाडलेल्या. आभाळ निळं नव्हतं, चुन्याच्या निवळीसारखं पांढुरकं होतं. गावाबाहेर खडी फोडायच्या कामावर बायका रांगेनं बसलेल्या. शेकडो हातोड्यांचा टकटक आवाज येत होता आणि एकही बाई बोलत नव्हती. त्यांत मला माझ्या शाळेच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी दिसल्या. एकीनं मला पाहिलं आणि पदर पुढे ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन रानात गेले. सुभानमामा उंच, वाळक्या अंगाचे. बोलायचे फार थोडं. ठकूमावशी बोलायच्या दोघांच्या वाटचं. मी मोजायला आले म्हटल्यावर मावशींनी कपाळाला हात लावला.

"मेंढरं मोजू न्हाई बाय. मोजली की कमी हुत्यात."

"मावशी, कॉलेजात द्यायचंय. मास्तरांना दाखवायचंय."

मामा म्हणाले, "मोजू दे तिला. मोजून कमी हुनारी असती तर न मोजता वाढली नसती का?"

आणि त्यांनी स्वतः एकेक मेंढी जाळीच्या तोंडातून बाहेर सोडली. मी दात बघायला शिकले. दुधाचे दात म्हणजे कोकरू. पुढे दोन पक्के दात आले की तरणी. सगळे भरले की भरातली. झिजले, पडले की म्हातारी. फक्त माद्या मोजायच्या होत्या. चौतीस कोकरं, बावीस तरण्या, अठ्ठेचाळीस भरातल्या, अकरा म्हाताऱ्या. एकूण एकशे पंधरा. मामांना दर वर्षीचं सगळं तोंडपाठ होतं. चांगल्या वर्षी दहातली किती कोकरं जगतात, वाईट वर्षी किती, ते त्यांनी न अडखळता सांगितलं. "आन् आवंदा?" मी विचारलं. त्यांनी जाळीचं तोंड बांधलं. मग म्हणाले, "आवंदा धातली दोन धर."

घरी येऊन पडवीत बसून मी गुणाकार केले. चांगल्या वर्षाचा तक्ता घेतला की कळप हळूहळू वाढत जाई. मग मी या वर्षीचे आकडे घातले. एकशे पंधराचे पासष्ट झाले. पासष्टचे त्रेचाळीस. त्रेचाळीसचे एकोणतीस. मी पेन्सिल खाली ठेवली. बाहेर खऱ्या मेंढ्या ओरडत होत्या, एकशे पंधराच्या एकशे पंधरा, आणि माझ्या मांडीवर त्या आधीच मरून गेल्या होत्या. तीन वर्षांचं मरण मी अर्ध्या तासात लिहून काढलं होतं आणि अक्षरही छान आलं होतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण वय बावीस, आणि हातात हत्यार नवं. मी एकेक आकडा बदलून पाहू लागले. कोकरांची जगण्याची शक्यता दुप्पट केली तर काय होईल? पासष्टऐवजी बहात्तर. जेमतेम सातची भर. आणि तरण्या-भरातल्या मेंढ्या थोड्या जास्त जगवल्या तर? ऐंशी. मी पुन्हा पुन्हा गुणून पाहिलं. तक्ता एकच गोष्ट सांगत होता. चारा थोडा असेल तर तो कोकरांवर घालवू नका. विणाऱ्या मेंढ्या वाचवा. कोकरू पिऊन पिऊन आईला खंगवतं, तेव्हा त्याला आईपासून तोडा. आणि म्हाताऱ्यांच्या ओळीत तर पिल्लांच्या रकान्यात शून्यच होतं. म्हाताऱ्या अकराच्या बावीस केल्या तरी पुढच्या वर्षीच्या कोकरांत एकाचीही भर पडत नव्हती.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी आप्पांनी मला ते सगळं समजावून सांगायला लावलं. त्यांना फार अभिमान वाटला होता. शाळेतून आणलेली पाटी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. सुमनताई बाळाला घेऊन उंबऱ्यावर बसली होती. सुभानमामा आणि ठकूमावशी घमेलंभर पाणी न्यायला आले होते, तेही अंगणात थांबले. आई आत चुलीपाशी लाल मिलोच्या भाकरी थापत होती. रेशनवर ही परदेशी ज्वारीच तेवढी मिळायची आणि तिची भाकरी थापता थापता फुटायची.

मी आकडे लिहिले, गुणून दाखवले. मग म्हणाले, "मामा, कोकरं तोडा. चारा मेंढ्यांना घाला. आणि म्हाताऱ्या आधी काढा."

ठकूमावशी खाली मान घालून म्हणाल्या, "बाय, कोकरू गेलं तरी मेंढी ऱ्हाती, आन् मेंढी ऱ्हायली तर कोकरू व्हतं, ह्ये आमालाबी ठावं हाय. पर त्ये असं तोंडानं म्हनायचं नसतं."

सुमनताई हसून म्हणाली, "शांते, तुझ्या तक्त्यात मी कितव्या ओळीत गं?" तिच्या मांडीवर बाळ चुळबुळत होतं. तिचं दूध कमी पडत होतं आणि दुपारभर ते रडून रडून निळं व्हायचं. मीही हसले.

मग आतून आईचा आवाज आला. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. पाटीकडे ती भाकरी थापता थापताच बघत असावी.

"त्या म्हातारीच्या पुढं पूज्य का गं मांडलंस?"

"तिला आता पिल्लं होत नाहीत ना, आई. तिला घातलेला चारा पुढच्या वर्षात येतच नाही. वाया जातो."

"हं," आई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मामांनी आठ दिवस काही केलं नाही. मग बाभळीच्या शेंगा संपल्या. निवडुंगाचे काटे जाळून ते घालायला सुरुवात झाली आणि पहिल्या दोन भरातल्या मेंढ्या एकाच दिवशी बसल्या, त्या उठल्याच नाहीत. दोघींच्या सडांना कोकरं लागलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी जाळीच्या मध्ये दुसरी जाळी लावली. एका बाजूला मेंढ्या, दुसऱ्या बाजूला कोकरं.

त्यानंतरचे चार दिवस मी विसरू शकलेले नाही. कोकराचं ओरडणं हे मुलाच्या रडण्याच्या इतकं जवळचं असतं की अंगावर काटा येतो. दिवस उगवल्यापासून ते सुरू व्हायचं. पलीकडून आया उत्तर द्यायच्या. सुमनताईनं कानांत कापूस घातला तरी तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पडायचे. बाळासाठी न येणारं दूध त्या आवाजाला यायचं. ती माझ्याकडे बघायची आणि मी वहीत तोंड खुपसून बसायची. मी प्रार्थना करायची की हे ओरडणं थांबू दे. चौथ्या दिवशी दुपारी ते थांबलं. तेव्हा मी अंगणात उभी होते. आभाळात फार उंचावर घारी फिरत होत्या. मी रानात गेले नाही. मावशी आल्या, आणि पाण्याचं घमेलं भरून घेताना न बघताच म्हणाल्या, "धा उरली."

म्हाताऱ्यांपैकी नऊ खाटकाकडे गेल्या. दोन मामांनी ठेवल्या. मी विचारलं तर त्यांतल्या एकीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "ही म्होरकी हाय. ही चालली तर बाकीच्या चालत्यात. नव्या जाग्याला गेलं, तर कोनचा पाला खायाचा न् कोनचा न्हाई, ह्ये हिचं बघून तरण्या शिकत्यात. हिला काढली तर म्होरं कोन जाईल, तू?" माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. मी मान डोलावली आणि घरी आले.

मला तेव्हा एक विचित्र भीती जडली. वाटायचं की मी लिहिलं म्हणून घडतंय. वही उघडली की आणखी काही मरेल. मी ती ट्रंकेच्या तळाशी घातली आणि वर लोकरीचे कपडे रचले. पण मन ऐकत नव्हतं. जेवायला बसलं की डोळे घराच्या वाटण्या करायचे. बाळ. मी. सुमनताई. आई. आप्पा. कुणाला किती भाकरी. कुणाच्या पुढे काय. मी दचकून डोळे मिटायची. ही रीत मेंढ्यांसाठी आहे, मी स्वतःला बजावायची. पण प्राध्यापकांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही कुठल्याही जिवाला लागू पडते.

सुमनताईचं दूध त्या दिवसांत वाढलं. बाळ रडायचं थांबलं, त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या. आम्ही म्हणालो, देवाची दया. ताईच्या ताटात रोज भाकरीबरोबर गूळ-शेंगदाण्याचा लाडू असायचा. कामावरच्या बायका सुकडी, म्हणजे तिथे वाटलेला पिठाचा पौष्टिक खाऊ, आणायच्या, त्यांतली मूठभर आई कुणाकडून तरी मागून घ्यायची आणि तीही ताईलाच. आई आमच्याबरोबर बसत नव्हती. "तुमचं होऊ द्या, मी मागून बसते," म्हणायची. आईनं मागून बसण्यात नवीन काय होतं? घरोघरी आया मागूनच बसायच्या. मी मोजणी शिकलेली मुलगी, पण ती मागून बसते तेव्हा परातीत काय उरलेलं असतं, हे मोजायचं मला सुचलं नाही.

होळीच्या आधीची दुपार होती. शाळेच्या पटांगणात पिण्याच्या पाण्याचा टँकर आला म्हणून बायका धावल्या. मी बाळाला घेऊन घरी होते. थोड्या वेळानं अंगणात गलका झाला. ठकूमावशी आणि आणखी एक बाई आईला दोन्ही बाजूंनी धरून आणत होत्या. आईचे पाय जमिनीला नुसते लागत होते. लुगडं ओलं होतं, डोक्यावरचा हंडा वाटेत सांडला होता.

"मास्तरीनबाई रस्त्यातच बसली," मावशी म्हणाल्या. "उठवली तर उठंना. ह्या बाईचं वजन हाय का कोकराचं, बाय?"

मी आईला पहिल्यांदा नीट पाहिलं. तिच्या गळ्याखाली दोन खळगे पडले होते, त्यांत सावली साठली होती. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरत होत्या आणि तिनं त्या दोऱ्यानं बांधल्या होत्या. बांधल्या होत्या! म्हणजे तिला कळत होतं, आणि ते आम्हांला दिसू नये याची तिनं तजवीज केली होती.

आप्पा सायकलवरून तिसगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या आतल्या कडा पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. मग आप्पांना बाजूला घेऊन त्या जे म्हणाल्या ते मला ऐकू आलं. "आजार काही नाही, मास्तर. पोटात अन्न नाही. एकदोन दिवसांचं नाही हे, महिन्याभराचं आहे."

मी आईच्या उशाशी बसले. गूळपाणी चमच्यानं तिच्या ओठांत सोडत होते. अर्धं तिच्या हनुवटीवरून ओघळत होतं.

"आई, का केलंस असं?"

ती डोळे मिटूनच बोलली. रागानं नाही, मला समजावून सांगावं तशी.

"तूच म्हणालीस ना. म्हातारीला घातलेला चारा वाया जातो. सुमीच्या अंगावर मूल आहे. तुझं शिक्षण व्हायचंय. मला आता पुढं काय व्हायचंय?"

"अगं, ते मेंढ्यांचं होतं!"

"मग?" आई म्हणाली. "आमी काय निराळ्या?"

त्या क्षणी मला वाटलेली भीती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी. ती आईच्या मरणाची नव्हती, किंवा फक्त तीच नव्हती. मला भीती वाटली ती अशी की तिचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. गुणाकार बरोबर होता. बाळाच्या मांड्यांना वळ्या पडल्या होत्या. माझ्या तक्त्यानं सांगितलं होतं तसंच सगळं झालं होतं. मी 'आई, तू आम्हांला हवी आहेस' असं म्हणाले, आणि ते म्हणताना माझ्याच कानांना ते किती लहान वाटलं.

आप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते तिथूनच वळले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. ते ताटं गोळा करत होते. सगळी ताटं, वाट्या त्यांनी पोत्यात भरून माळ्यावर टाकली आणि एक पितळेची परात तेवढी खाली ठेवली.

"आजपासून सगळ्यांनी यातच जेवायचं," ते म्हणाले. "एकत्र बसायचं, एकत्र उठायचं. सगळं कुस्करून एकत्र. कुणी किती खाल्लं ते कुणाला कळणार नाही आणि कुणी कळून घ्यायचं नाही." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात: "विशेषतः तू."

पहिले काही दिवस आई आडवी होती, तिला आप्पा स्वतः भरवायचे. मग ती परातीपाशी बसू लागली. तिचे घास लहान असायचे. तिचा हात थांबला की आप्पांचा थांबायचा, मग ताईचा, मग माझा. परात मध्ये तशीच राहायची. सगळे वाट बघत बसायचे. शेवटी आई चिडून म्हणायची, "खावा की रे!" आणि एक घास घ्यायची. मगच आम्ही घ्यायचो. असं आम्ही तो उन्हाळा काढला. प्रत्येक जेवण भीतीतलं. तिचा हात पुन्हा उठेल ना, एवढ्याकडे सगळ्यांचा जीव.

होळीनंतर आमच्या विहिरीनंही तळ दाखवला. मामांना हलावंच लागलं. पश्चिमेकडे, अकोले तालुक्यातल्या डोंगरात अजून काही हिरवं आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. तिकडे ते कधी गेले नव्हते. निघाले तेव्हा सकाळची कोवळी उन्हं होती. तरण्या मेंढ्या जाळीच्या तोंडाशी अडून राहिल्या. मामांनी हाकललं तरी पाय उचलेनात. मग ती म्होरकी, झिजल्या दातांची, हाडांचा सापळा, त्यांच्यामधून वाट काढत पुढे आली आणि रस्त्याला लागली. बाकीच्या मान खाली घालून तिच्या मागे गेल्या. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनं ते पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

मी पुण्याला परत गेले. जाण्याआधी ट्रंकेतून वही काढली, मामांनी जे जे केलं होतं ते धरून शेवटचा एक गुणाकार केला. पुढच्या जानेवारीत माद्या किती? अडुसष्ट. आकडा लिहिला आणि वही मिटली.

पुढचं पावसाचं वर्ष बरं गेलं. दिवाळीनंतर मामांची वाघूर पुन्हा आमच्या रानात लागली. संक्रांतीला मी घरी आले तेव्हा रानात जाववेना. ठकूमावशीच हाक मारायला आल्या. "मोज की गं आता. आता भिऊ नगंस."

मी मोजल्या. दोनदा मोजल्या. सहासष्ट.

उन्हाळाभराच्या उपाशी वणवणीनंतर, अनोळखी डोंगरांतून, किती आजार आणि किती लांडगे पार करून आलेला तो जिवंत, ओरडणारा कळप माझ्या आकड्यापासून फक्त दोननं चुकला होता. मी जाळीच्या खुंटीला धरून खाली बसले.

"काय झालं, बाय?"

"मावशी, बरोबर आलं."

"बराबर म्हंजी?" त्या माझ्या समोर उकिडव्या बसल्या. "चांगलं झालं, असं का?"

सुभानमामा पलीकडे एका तरण्या मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. ते मान वर न करता म्हणाले, "म्होरकी गेली. उतरताना घाटात. पर उतरवून दिलं तिनं समद्यास्नी."

प्राध्यापकांनी तो तक्ता सगळ्या वर्गाला दाखवला. कागदावरचा कळप आणि रानातला कळप इतका जवळ आलेला त्यांनी क्वचितच पाहिला होता. त्यांनी मला उभं केलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वही मिटून खाली बसले. त्याच तक्त्यावर पुढे मला नगरला नोकरी मिळाली. तीस वर्षं मी मुलांना हीच रीत शिकवली. बेडूक घेतले, मासे घेतले, उंदीर घेतले. मेंढ्या कधी घेतल्या नाहीत. आणि शेवटच्या ओळीतलं शून्य लिहिताना दर वर्षी मी मुलांना एक वाक्य सांगायची: हे शून्य फक्त एवढंच सांगतं की हिला पिल्लं होत नाहीत, याहून जास्त काही सांगत नाही. मुलं ते वहीत उतरवून घेत. परीक्षेत कुणी लिहिलं तर मी त्याला एक गुण द्यायची.

बाळ मोठं झालं. प्रकाश त्याचं नाव. राहुरीला असतो, दोन मुलींचा बाप आहे. त्याला यातलं काही माहीत नाही. ताईनं सांगितलं नाही, मीही नाही.

आई त्यानंतर खूप जगली. शेवटची वर्षं माझ्याकडेच होती. त्या उन्हाळ्याबद्दल ती कधीही, एका शब्दानंही बोलली नाही. विषय निघालाच तर "सगळ्यांचंच तसं होतं," म्हणून उठायची. मीच मनाशी धरून चालले होते की तिला तेव्हा फारसं जाणवलं नसावं. माणसाची भूक मरते म्हणतात, तशी तिची मेली असेल. एवढं धरलं की मला झोप लागायची.

शेवटच्या आजारात एका सकाळी मी तिला मऊ भात भरवत होते. ऊन पलंगावर आलं होतं. तिनं चार घास खाल्ले, पाचवा तोंडात तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मग तो गिळला, आणि लहान मुलीनं गुपित सांगावं तशी माझा हात ओढून म्हणाली,

"शांते, त्या वर्षी लई भूक लागायची गं मला."